बिनचिठ्ठीच्या बरण्या

आबा चुकले.

सकाळचे साडेदहा, पहिलाच पेला, आणि आबा चुकले. पेला दोनदा फिरवून झाला, नाकाशी धरून झाला, डोळे मिटून झाले, आणि मग गेली पन्नास वर्षं ज्या आवाजात सांगत आले त्याच ठाम आवाजात ते म्हणाले, "नदीकाठ."

पेले भरायचं काम सुनेकडे, म्हणजे धाकट्या मुलाच्या बायकोकडे होतं; घरात ती 'धाकटी'. कुठल्या पेल्यात काय आहे, हे टेबलाभोवतीच्या सहा जणांत फक्त तिला ठाऊक. तिनं हातातला रुमाल चुरगाळला. "आबा," ती म्हणाली, "हा टेकडीचा आहे."

आबांची थोरली बहीण, म्हणजे घरादाराची आत्या, एरवी वाक्य संपायच्या आत उत्तर देणारी बाई. तीसुद्धा तोंड उघडून तशीच बसली. या घरात छप्पर गळालं होतं, दोन लग्नं मोडली होती, एकदा पिकावर गारा पडून होत्याचं नव्हतं झालं होतं. आबांचं नाक मात्र कधी चुकलं नव्हतं. त्यामुळे आबांचं नाक चुकलं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. मग उरलं एकच. वाइनमध्ये काहीतरी केलं गेलंय.

"आण इकडे," आत्या म्हणाली.

ज्यांना या घराची ओळख नाही त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. या लोकांच्या बागा दोन, वेल एकच. पणजोबांनी एकाच गाडीतून आणलेली कलमं अर्धी टेकडीवर लावली, अर्धी नदीकाठी. टेकडीवर पायाखाली चुनखडीचे दगड, दिवसा ऊन, रात्री दात वाजवणारी थंडी. द्राक्षं पिकायला वेळ लावतात आणि पिकली तरी आंबटपणा सोडत नाहीत. तिथली वाइन फिकट, सडपातळ, धारदार. वास कच्च्या आलुबुखारासारखा, ओल्या दगडासारखा. नदीकाठी गाळाची काळी माती आणि उबदार रात्री. तिथली वाइन जांभळी, गुबगुबीत, पहिल्या भेटीतच गळ्यात पडणारी. घराचं नाव आहे ते टेकडीच्या वाइनवर. नदीकाठची आपली विकली जाते.

दरवर्षी बाटल्या भरायच्या आधी घरातली सगळी मोठी माणसं वरच्या जेवणघरात जमतात आणि बिनखुणेच्या पेल्यांतून कुठली वाइन कुठली ते सांगतात. याला घरात 'ओळख' म्हणतात. ओळखीला फक्त नाक लावायचं. ओठ लावणं म्हणजे नाक नसल्याची कबुली, असं पणजोबा म्हणायचे. आणि त्याच तोऱ्यात तळघरातल्या एकाही पिंपावर, एकाही बरणीवर चिठ्ठी नाही. घरच्या माणसाला चिठ्ठी कशाला?

यंदाच्या ओळखीला आणखी एक गोष्ट ठरली होती. ती झाली की आबा तळघराची किल्ली कमरेची सोडणार होते आणि सुनेच्या हातात देणार होते. मुलांना सोडून सुनेला. तेही सपाटीवरून आलेल्या.

आत्यानं पेला नाकाशी धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

आत्याला सून आवडत नव्हती असं नाही. आवडायची, पण लांबून. तीन वर्षांपूर्वी धाकट्यानं हिला आणलं, ती वाइनचं शिक्षण घेऊन आलेली, पण उन्हातल्या मुलखातली. तिकडे सहा-सहा महिने पाऊस नाही, द्राक्षं वेलावरच अर्धी वाळतात, आणि वाइन होते ती काळी, जाड. तिकडचे लोक तिला वाइन म्हणतात, हा त्यांचा प्रश्न. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर हिच्या वडिलांनी तसलं एक छोटं पिंप भेट म्हणून पाठवलं होतं. ते अवजारांच्या खोलीत ठेवलं गेलं. ते आलं तेव्हापासूनच आत्याच्या मनात पाल चुकचुकत होती.

"यात टेकडी आहे," आत्या म्हणाली. "पण नुसती टेकडी नाही. काहीतरी जाड आहे. गोडसर आहे. कुणीतरी हात मारलाय."

पेला टेबलाभोवती फिरला. थोरल्या मुलानं वास घेतला, भुवई उडवली. धाकट्यानं घेतला आणि बायकोकडे पाहिलं. हे पाहणं सगळ्यांनी पाहिलं.

"सकाळी पिंपातून तूच काढलीस ना?" आत्यानं विचारलं.

"हो. आबांनी किल्ली दिली होती."

"मग तेव्हा तुला वास आला नाही?"

"आला होता."

"आला होता! आणि गप्प बसलीस?"

"पेले भरणाऱ्यानं ओळखीआधी बोलायचं नाही, आत्याबाई. नियम तुमचाच आहे. पहिल्या वर्षी मी बोलले होते, तेव्हा तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात."

थोरला हसला. त्यालाच ते बरं दिसलं नाही म्हणून त्यानं घसा खाकरला.

थोरल्यानं लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरची वाइन विकायचं काम त्याचं. दुपारी व्यापारी यायचा होता, तो टेकडीचीच वाइन चाखायला. थोरल्याच्या मनात पहिला विचार आला तो व्यापाऱ्याचा. दुसरा आला किल्लीचा. किल्ली त्याला हवी होती का? मुळीच नको होती. तळघरात त्याचे गुडघे दुखायचे. पण दुसऱ्याच्या हाती गेलेलीही त्याला बघवत नव्हती. माणसाचं मन असंच असतं, त्याला काय करणार.

"मी कुणावर आळ घेत नाही," तो म्हणाला. या घरात हे वाक्य आलं की पुढे आळ येतोच. "पण गेल्या महिन्यात जेवताना कोण म्हणालं होतं, की टेकडीच्या वाइनला थोडं अंग, थोडा भरीवपणा असता तर बरं झालं असतं?"

"मीच म्हणाले होते," धाकटी म्हणाली. "म्हणाले होते की तोडणी चार दिवस उशिरा करून बघू. पिंपात ओतू, असं नव्हते म्हणाले."

"म्हणायचं एक आणि करायचं एक."

"दादा, तुम्ही थेट बोला ना. मी वडिलांची वाइन तुमच्या पिंपात ओतली, असंच ना?"

"मी तसं म्हटलं का?"

"मी म्हणते," आत्या म्हणाली. "माझं काय जातंय? अवजारांच्या खोलीतलं पिंप मोजा. किती उरलंय ते बघा."

धाकटा उठून उभा राहिला. आता हा बायकोची बाजू घेणार, असं सगळ्यांना वाटलं. धाकटीलाही वाटलं. पण तो म्हणाला, "जरा बाहेर ये."

जेवणघराबाहेरच्या बोळात कोट टांगायच्या खुंट्या होत्या आणि खाली चिखलाचे बूट. तो बुटांकडे बघत उभा राहिला. बागा त्याच्याकडे होत्या; कुठली वेल कधी छाटायची हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. माणसांचं मात्र त्याला जमायचं नाही.

"हे बघ," तो हळूच म्हणाला, "तू काही केलं नाहीस ना? केलं असलंस तर आत्ताच सांग मला. मी सांभाळून घेईन. उगाच परीक्षा म्हणून, थोडीशी..."

धाकटीला आत आळ घेतला तेव्हा राग आला होता. आता वाईट वाटलं. "तूसुद्धा," ती म्हणाली.

"मी फक्त विचारतोय."

"विचारलंस ना? झालं." तिनं खुंटीवरची अवजारांच्या खोलीची किल्ली काढली आणि ती तशीच अंगणात गेली. तो बोळात उभाच राहिला. बूट सरळ करून ठेवावेत असं त्याला वाटलं, आणि त्यानं ते खरंच ठेवले.

आत जेवणघरात आबा खुर्चीत ताठ बसले होते, हात काठीवर. त्यांच्या डाव्या बाजूला आई.

आईबद्दल लोक म्हणत, फार शांत बाई. शांत कसली! हिवाळ्यापासून ती एक गोष्ट लपवत होती. हिवाळ्यात आबांना ताप आला, तीन आठवडे उतरला नाही. उतरल्यावर एकदा आई भाजी आणायला गेली नि परत आली तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं. चुलीवर दूध करपून कोळसा झालेलं, आणि बाजूच्या खुर्चीवर आबा पेपर वाचत बसलेले. तिनं भांडं उचललं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला कळलं. आबा एवढंच म्हणाले, "कुणाला बोलायचं नाही."

ती बोलली नाही. उलट त्यांना सावरत आली. पाहुण्यांसमोर पेला आला की आधी ती वास घ्यायची आणि टेबलावर हात ठेवायची. एक बोट म्हणजे टेकडी, दोन बोटं म्हणजे नदीकाठ. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आज पहिल्या पेल्याला तिला काही उमजेना. टेकडी म्हणावी तर जड, नदीकाठ म्हणावा तर हलका. तिचं नाक तसं बेताचंच. तिनं दोन बोटं ठेवली.

म्हणजे चुकली ती, आणि उभी राहिली सून. हे आईला कळत होतं. पण तोंड उघडलं तर नवऱ्याची पन्नास वर्षांची अब्रू सांडत होती. ती गप्प राहिली. आपण गप्प राहिलो याची लाज तिला तेव्हाच वाटत होती, पुढे आयुष्यभर वाटत राहिली.

धाकटी परत आली ती एक बाटली घेऊन. मागोमाग धाकटाही आला. तिनं बाटलीतून चार पेले ओतले, काळेभोर.

"ही माझ्या वडिलांची," ती म्हणाली. "पिंप बुचापर्यंत भरलेलं आहे, कुणालाही जाऊन बघता येईल. पण भरलेलं आहे म्हणून विश्वास ठेवू नका. मी नंतर पाणी घालून भरलं असेल, असं आत्याबाई म्हणतील."

"म्हणणारच होते," आत्या म्हणाली.

"म्हणून वास घ्या."

आत्यानं नाक लावलं. "तापलेली धूळ," ती नाराजीनं म्हणाली. "मनुका. आणि जाड तर आहेच. त्या पेल्यातही जाड आहे."

"जाड दोन्हीकडे आहे. पण आमच्या वाइनला शेवटी कडूपणा येतो. जिभेच्या मुळाशी. उन्हात साल जाड होते, बियाही करपतात, तो कडूपणा जात नाही. माझे वडील चाळीस वर्षं त्याच्याशी भांडतायत. एक पेलाभर आमची वाइन बादलीभर तुमच्या वाइनमध्ये घातलीत तरी तो लपणार नाही." ती थांबली. "फक्त कडूपणा नाकाला कळत नाही. ओठ लावावा लागेल."

आबांची काठी जमिनीवर आपटली. "ओळखीला ओठ लावायचा नाही."

"आमच्याकडे लावतात, आबा."

"हे तुमचं घर नाही."

हे वाक्य आबा बोलून गेले आणि धाकटीचा चेहरा उतरला. सगळ्यांना दिसला. आत्याला कुठेतरी टोचलं. ती कजाग होती, संशयी होती, पण खोटी नव्हती. चोर पकडायचा तर खरा पकडायचा, असा तिचा खाक्या. तिनं काळा पेला उचलला आणि सरळ एक घोट घेतला. आख्ख्या घराण्यात ओळखीला ओठ लावणारी पहिली बाई.

"अगं आई गं," ती तोंड वाकडं करत म्हणाली. "काढा आहे काढा!"

मग तिनं टेकडीचा पेला घेतला. एक घोट. जीभ टाळूला लावून वाट पाहत बसली. अजून एक घोट.

"कडू नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही. मऊ आहे." तिनं पेला खाली ठेवला आणि पहिल्यांदाच सुनेकडे सरळ पाहिलं. "ही तुझ्या बापाची नाही."

"नाहीच. ही आपल्याच नदीकाठची आहे."

आता नजरा फिरल्या. नदीकाठची वाइन टेकडीच्या पिंपात जाऊन कुणाचा फायदा? टेकडीच्या वाइनला अंग नाही म्हणून व्यापारी कुरकुरतो, हे दर महिन्याला घरी येऊन सांगतं कोण?

"माझ्याकडे काय बघताय?" थोरला म्हणाला.

"बघू नको तर काय करू?" आत्या म्हणाली. "मघाशी मोठ्या तोऱ्यात आळ घेत नव्हतास. आता तोच आळ दिसतोय कसा तुझ्या तोंडावर."

"आत्या, माझ्याकडे तळघराची किल्ली नाही! कधी नव्हती! किल्ली आबांच्या कमरेला. झोपतानासुद्धा!"

"आबा तापानं पडले होते तेव्हा कुठे होती?"

"धाकट्याकडे होती!"

"मोरी तुंबली होती म्हणून!" धाकटा उसळला. "तळघरात पाणी भरलं होतं, ते उपसायला कोण आलं होतं तुमच्यातलं? मी एकटा फरशी धूत होतो दोन दिवस!"

दोघं भाऊ टेबलाच्या दोन बाजूंनी एकमेकांवर ओरडू लागले. त्यात लहानपणी मोडलेली सायकलही आली, कुणी कुणाला न विचारता विकलेली घोडीही आली. धाकटी ऐकत नव्हती. तिनं दुसरा पेला उचलला होता. नदीकाठचा. सकाळी भरून ठेवलेला, अजून कुणी न ओळखलेला. तिनं वास घेतला आणि मग, आता काय व्हायचं ते होवो, म्हणून ओठ लावला.

"थांबा," ती म्हणाली. "जरा थांबा. ही नदीकाठची. चाखून बघा."

"आता हिचं काय?" थोरला म्हणाला, पण त्यानं घोट घेतला. "छान आहे. यंदा नदीकाठाला चांगलीच धार आलीय. मागच्या महिन्यात नमुना पाठवला तेव्हा व्यापारीसुद्धा म्हणाला..." तो थांबला. "धार कुठून आली?"

"तेच म्हणतेय मी. टेकडीत नदीकाठ आहे, आणि नदीकाठात टेकडी आहे. वाइन चोरून मिसळणारा माणूस चांगली वाइन नेऊन साध्या वाइनमध्ये कशाला ओतेल, दादा? हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. ही अदलाबदल झालीय."

लाकडी पिंपातून वाइन हळूहळू उडते. वर जागा राहिली तर ती आंबून बिघडते, म्हणून दर शनिवारी पिंपं काठोकाठ भरायची असतात. त्यासाठी तळघरात वेताच्या जाळीतल्या मोठ्या काचेच्या बरण्या ठेवलेल्या असतात, डावीकडे टेकडीच्या चार, उजवीकडे नदीकाठच्या चार. टेकडीच्या पिंपात टेकडीचीच भर पडायची. शिवाय हिवाळा सरताना गाळ मागे सोडून वाइन दुसऱ्या पिंपात काढतात, तेव्हा तर एकेका पिंपाला बादलीनं भर लागते. हे काम आबांचं. कुणाला मदतीलाही येऊ द्यायचे नाहीत.

धाकटा हळूच खुर्चीत बसला.

"फरशी धुताना," तो म्हणाला, "मी बरण्या बाहेर काढल्या होत्या. आठही. आणि परत ठेवल्या."

"कशा ठेवल्यास?"

"जशा बाहेर होत्या तशा... उचलत गेलो नि ठेवत गेलो. चिठ्ठी असती तर..." त्यानं डोकं धरलं. "उलट ठेवल्या गेल्या. डावीकडच्या उजवीकडे. माझंच चुकलं." मग त्यानं बायकोकडे पाहिलं आणि नजर लगेच खाली घेतली.

"गाढवा!" आत्या म्हणाली. पण तिच्या आवाजात सुटका होती. चोर नव्हता, गाढव होता; गाढव घरात चालतं. ती खुर्चीत मागे रेलली, आणि रेलता रेलता थांबली.

"पण बरण्या उलट ठेवल्या तर काय झालं?" ती सावकाश म्हणाली. "बूच काढलं की वास येतो. वास घेतल्याशिवाय कुणी भर घालत नाही. आणि दर शनिवारी भर घालतो कोण..."

सगळेजण आबांकडे बघू नये म्हणून टेबलाकडे बघत होते.

"मी घालत होते," आई म्हणाली.

आईचा आवाज इतका अचानक आला की थोरला दचकला.

"यांना ताप होऊन गेला, अशक्तपणा होता. मीच म्हटलं, मी घालते भर. माझं नाक असं बेताचं. डावीकडची ती टेकडी, एवढंच ठाऊक. माझीच चूक झाली. सुनेला उगाच बोल लागला." तिनं पदराशी चाळा केला. "झालं गेलं. आता व्यापारी येईल, पानं वाढायची आहेत."

"तू?" आत्या म्हणाली. "वहिनी, तू गेल्या तीस वर्षांत तळघराची पायरी उतरली नाहीस. तुला तिथं गुदमरतं."

"उतरले यंदा."

"किती पायऱ्या आहेत?"

आईनं पदर पुन्हा बोटाभोवती गुंडाळला.

धाकटी पेले भरायच्या जागेवरून, टेबलाच्या कोपऱ्यातून, आईच्या हाताकडे पाहत होती. तिथून मघाशी सगळं नीट दिसलं होतं. आबांचे मिटलेले डोळे पुरते मिटलेले नव्हते. ते किलकिल्या नजरेनं खाली बघत होते, आणि तिथे टेबलावर आईची दोन बोटं होती. तिला तेव्हा अर्थ लागला नव्हता. आता लागला. एक वाक्य बोललं की पुरे होतं. सकाळपासून तिला उभं करून जे जे बोललं गेलं, ते सगळं त्या एका वाक्यानं फिटलं असतं.

"आई," ती म्हणाली, "मघाशी तुमची बोटं..."

आईनं वर पाहिलं. सुनेला त्या डोळ्यांत विनवणी दिसली आणि तिचा राग आणखीच वाढला. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. मला बोलत होते तेव्हा ही शेजारी बसून ऐकत होती.

धाकटी थांबली. तिनं आबांकडे पाहिलं आणि तशीच बघत राहिली.

आबा पंच्याहत्तरीला आले होते. खोटं ते आयुष्यात फारसं बोलले नव्हते. त्यांना कधी गरजच पडली नव्हती. टेकडीच्या पेल्यात नदीकाठची वाइन आहे असं सून म्हणाली, तेव्हाच आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं होतं. बरण्यांच्या जागा त्यांनी डोळे मिटून खऱ्या धरल्या होत्या. दर शनिवारी बूच काढायचं, नाक लावायचं, काहीच यायचं नाही. भिंतीला नाक लावावं तसं. तरी ते मान हलवायचे, एकटे, अंधारात, कुणी बघत नसताना. जिभेवर एक थेंब टाकला असता तरी आंबट कुठली ते कळलं असतं. पण ओठ लावायचा नव्हता. आणि सून उभी होती, मग थोरला, मग धाकटा, आता बायको. आपल्यावर येऊ नये म्हणून आपण एकेकाला पुढे जाऊ दिलं.

"बारा," ते म्हणाले. "पायऱ्या बारा आहेत. ही एकही उतरलेली नाही." मग त्यांनी घसा साफ केला. "मला वास येत नाही. तापापासून. काहीच येत नाही."

आत्यानं तोंडावर हात ठेवला. थोरला खिडकीकडे वळला. आबांनी कमरेची किल्ली सोडली. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला. मदतीला कुणी पुढे झालं नाही. त्यांनी किल्ली टेबलावरून सुनेकडे सरकवली.

तिनं ती उचलली नाही.

"आबा, मी तासभर उभी होते."

"होतीस."

"तुम्हाला कळलं होतं."

"नदीकाठ म्हणालीस तेव्हाच."

"आणि हे माझं घर नाही म्हणालात, ते?"

"ते भीतीनं म्हणालो," ते म्हणाले. "म्हणायला नको होतं."

माफी मागायची या घराला सवय नव्हती, त्यामुळे ही माफी होती की नव्हती यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. धाकटीनं तो घातला नाही. तिनं किल्ली उचलली, आणि थोरल्याकडे वळली.

"दादा, टेकडीची पिंपं यंदा टेकडी म्हणून जाणार नाहीत."

"अगं, तासाभरात तो येईल! त्याला सांगू काय?"

"दोन्ही बागांची मिळून केलीय, असं सांगा. खरंच आहे ते. चाखायला द्या, आवडली तर घेईल."

"आणि टेकडी कुठंय विचारलं तर?"

"पुढच्या वर्षी, म्हणावं."

थोरल्याला वाद घालायचा होता, पण मघाचं 'मी कुणावर आळ घेत नाही' अजून त्याच्याच घशात अडकलेलं होतं. त्यानं मान हलवली.

मग सगळीच माणसं तिच्यामागून तळघरात उतरली. आईसुद्धा, भिंत धरून, एकेक पायरी मोजत. दिवा लावला. आठ बरण्या वेताच्या जाळीत शांत बसल्या होत्या. धाकटीनं कपाटातून जाड कागद काढला, कात्रीनं पट्ट्या कापल्या आणि दोरा नवऱ्याच्या हातात दिला. "बांधायचं काम तुझं," ती म्हणाली. "आणि बांधायच्या आधी वास घ्यायचा. प्रत्येकीचा." तो मुकाट्यानं गुडघ्यांवर बसला. तिला त्याच्याशी अजून बोलायचं होतं, पण ते आज नव्हे.

"चिठ्ठ्या?" आत्या म्हणाली. "या तळघरात? बाबा असते तर..."

"मोठ्या अक्षरात लिही," आबा म्हणाले. "डोळेही आता बेतानंच चालतात."

आत्यानं दिवा जरा जवळ सरकवला.

उजवीकडच्या पहिल्या बरणीचं बूच धाकटीनं काढलं, नळीनं थोडी वाइन पेल्यात घेतली आणि पेला आबांसमोर धरला. "सांगा."

आबांनी पेला घेतला. सवयीनं त्यांची नजर शेजारी, आईच्या हाताकडे गेली. आईनं दोन्ही हात पाठीमागे नेले. मग आबांनी सगळ्यांच्या देखत पेला ओठांना लावला.

दाढांखाली आंबट कळ उठली असावी, कारण त्यांचा एक डोळा बारीक झाला.

"टेकडी," ते म्हणाले.

"बरोबर," धाकटी म्हणाली, आणि नवऱ्यानं बरणीच्या गळ्याशी चिठ्ठी बांधली.